जमीन विकून रोबोटवर चालवायचं का?

पत्र (थोडं कमी करून देतेय, नावं काढलीत):

"नमस्कार मॅडम. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे मिस्टर वय ३४, अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टरकडे होते, पगार १८ हजार. सात महिन्यांपूर्वी शेडवर चढले होते, पत्रा तुटला आणि खाली पडले. डी ११ मणका फुटला, ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू टाकलेत. डिस्चार्ज कार्डावर 'एशिया ए' लिहिलंय. आता बसता येतं, व्हीलचेअरवर असतात. दीड महिन्यापासून पाय आपोआप झटके देतात आणि उजव्या पायाचा अंगठा सांगितलं की थोडा हलतो. बाहेरगावच्या एका सेंटरचा व्हिडिओ आला, त्यात रोबोट माणसाला चालवतो. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवले तर तासाभरात होकार आला. तीन महिन्यांचं पॅकेज, राहणं धरून साडेसात लाख, आणि म्हणाले वर्षाच्या आत केलं तरच उपयोग. सासरे निफाडची तीस गुंठे बाग विकायला तयार आहेत, दीर नाराज आहेत, घरात बोलणं बंद झालंय. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात, एका वेळचे ६०० घेतात. मिस्टर म्हणतात मला चालायचंय, बाकी मला काही सांगू नका. काय करू?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा साडेसात लाख आणि तीस गुंठे एवढंच डोक्यात राहिलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगठा दिसला.

आधी उत्तर देऊन टाकते, कारण घरात अबोला असताना गोल गोल बोलणाऱ्या माणसाचा रागच येतो. बाग विकू नका. निदान आत्ता नाही, आणि या पॅकेजसाठी तर नाहीच. पण रोबोट म्हणजे सगळी फसवाफसवी असंही मी म्हणणार नाही, कारण तसं नाहीये, आणि तुमच्या मिस्टरांचा अंगठा खरंच सांगितल्यावर हलत असेल तर पुढे कधीतरी त्या मशीनचा त्यांना उपयोग होऊही शकतो. फक्त त्याच्या आधी तीन-चार गोष्टी व्हायला पाहिजेत ज्या कुणीच केलेल्या दिसत नाहीत, आणि त्या स्वस्त आहेत.

झटक्यांपासून सुरू करते. पांघरूण घालताना गुडघा एकदम वर येतो, खुर्चीत बसवताना पाय ताठ होतात, पाऊल टेकवलं की टाच थडथड उडत राहते, हे बघून घरच्यांना वाटतं पायात जीव यायला लागला. आणि वाटणारच हो, सात महिने जो पाय ओंडक्यासारखा पडून होता तो हलताना दिसतोय. पण झटके म्हणजे चाल परत येणं नाही. मणक्याला मार बसतो तिथे मेंदूकडून खाली येणारी लाइन तुटते, पण त्याच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो, त्याच्यावर वरचा लगाम फक्त राहत नाही, मग कातडीला काही लागलं, स्नायू ताणला गेला, लघवीची पिशवी भरली की तो स्वतःच्या मनाने स्नायूला हुकूम सोडतो. त्यात मिस्टरांचा काही हात नसतो. मात्र झटके कामाचे आहेत एका बाबतीत. ते एकदम वाढले तर समजायचं खाली काहीतरी खुपतंय, लघवीत इन्फेक्शन असेल, पोट साफ नसेल, नख आत रुतलं असेल, कुठे जखम होत असेल. त्यांना दुखलेलं कळत नाही, पाय मात्र कळवतो.

मी फिजिओ म्हणून नवीन नवीन कामाला लागले होते तेव्हा ओझरच्या एका आजींनी नातवाचा उडणारा पाय मला दाखवला आणि पदरातून पेढा काढून हातावर ठेवला. मला माहीत होतं हा नुसता झटका आहे. मी पेढा खाल्ला आणि काही बोलले नाही, माझा धीरच झाला नाही. दोन महिन्यांनी कळलं की त्या घराने नवीन आणलेली व्हीलचेअर दुकानदाराला परत केली होती, आता कशाला लागते म्हणून, आणि मुलगा तोवर पलंगावरच पडून होता. तो पेढा मला अजून आठवतो. म्हणून आता झटक्याला झटकाच म्हणते, समोरच्याचा चेहरा पडला तरी.

आता अंगठा. हा वेगळा प्रकार आहे आणि याची नीट खात्री करायची. त्यांना पाठीवर झोपवा, पांघरूण काढून टाका, पायाला कुणीही हात लावायचा नाही, पंखा पायावर येत असेल तर तोही बंद. डोळे मिटायला सांगा. मग तुम्ही म्हणा "वर", थांबा, "सोडा", थांबा, मधेच अर्धा मिनिट काहीच बोलू नका, मग परत "वर". असं दहा वेळा. तुम्ही बोललात तेव्हाच हलला आणि तुम्ही गप्प असताना गप्प राहिला, तर तो मेंदूचा निरोप आहे, तो मणक्यातल्या त्या फुटलेल्या जागेतून वाट काढून खाली पोचलाय. हे सगळं मोबाइलवर शूट करा, आवाज येऊ द्या त्यात, चेहरा आणि पाय दोन्ही दिसू द्या. डॉक्टरला दाखवायला हा व्हिडिओ तुमच्या फाइलमधल्या एमआरआयच्या कागदाइतकाच लागेल.

कारण डिस्चार्ज कार्डावरचं ते "एशिया ए" आता जुनं झालंय. ही मज्जारज्जूच्या दुखापतीची प्रतवारी आहे, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, म्हणजे गुदद्वाराजवळसुद्धा ना स्पर्श कळतो ना स्नायू आवळता येतो, पूर्ण दुखापत. बी म्हणजे स्पर्श आहे, हालचाल नाही. सी म्हणजे खाली हालचाल आहे पण निम्म्याहून जास्त स्नायू इतके कमजोर की पाय स्वतःचं वजन उचलू शकत नाही. डी म्हणजे निम्मे तरी तेवढे ताकदीचे आहेत. ई म्हणजे नॉर्मल. आता पडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सगळी यंत्रणाच हादरलेली असते, तेव्हा लावलेला ग्रेड पुढे बदलू शकतो, म्हणून तो परत परत तपासायचा असतो. तुमच्याकडे सात महिन्यांत एकदाही परत तपासलेला दिसत नाही. अंगठा खरंच मनाने हलत असेल तर बहुतेक ते ए राहिलेले नसतील, सी सुद्धा असू शकतात, आणि ए आणि सी मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासणी कशी होते तेही सांगते, म्हणजे खोटी झाली तर ओळखता येईल. टाचणीने आणि कापसाने अंगावरच्या ठरलेल्या जागा एकेक करून बघतात, हातापायाचे ठरावीक स्नायू हाताने विरोध करून बघतात, आणि शेवटी गुदद्वारात बोट घालून स्पर्श कळतो का आणि आवळता येतं का ते बघतात. या शेवटच्या भागाला लोक लाजतात, कधीकधी डॉक्टरही टाळतात, पण पूर्ण की अपूर्ण हे त्याशिवाय ठरत नाही. तासभर लागतो. हे व्हॉट्सअॅपवर होत नाही ताई. ज्या सेंटरने माणसाला न बघता तासाभरात होकार दिला त्यांनी तुमच्या मिस्टरांचा काही विचार केला असेल असं मला वाटत नाही.

तपासणीसाठी आधी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडेच जा, आणि नंतर एकदा फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन (पीएमआर), म्हणजे दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाच्या डॉक्टरला दाखवा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची, फक्त याच कामासाठी. गाडीने गेलात तर कसाऱ्याच्या आधी एकदा आणि खाली उतरल्यावर एकदा थांबा, त्यांना सीटवर हाताने अंग उचलायला लावा, आणि बसायला जाड गादी घ्या. चार तास एका जागी बसून ढुंगणाला जी जखम होते ती भरायला चार महिने जातात.

आता तो रोबोट. व्हिडिओत दिसतं ते असं असतं. वरून हार्नेस येतो, पॅराशूटवाल्याला असतो तसा, मांडीतून आणि कमरेवरून पट्टे आवळतात आणि माणसाला वर उचलून धरतात, म्हणजे पायावर वजन किती द्यायचं ते ठरवता येतं. खाली ट्रेडमिल. दोन्ही पायांना बाहेरून सांगाडा, त्याला खुब्याजवळ आणि गुडघ्याजवळ मोटर, पाऊल लोंबू नये म्हणून चवड्याला पट्टा. समोर स्क्रीन. मोटर पाय पुढे नेते, टेकवते, मागे नेते, परत पुढे. लोकोमॅट नावाचं स्वित्झर्लंडचं मशीन यातलं सगळ्यात जास्त माहीत असलेलं, आता आपल्याकडेही बनतात, केरळच्या ज्या जेनरोबोटिक्सने मॅनहोल साफ करणारा बँडिकूट काढला त्यांनीच जी-गेटर नावाचं चालवायचं मशीन काढलंय.

हे मशीन का आलं तेही समजून घ्या. आधी हेच काम फिजिओ हाताने करायचे, पेशंट हार्नेसमध्ये, आणि ट्रेडमिलच्या दोन्ही बाजूला दोन जण खाली बसून एकेक पाय हाताने उचलून पुढे टाकतायत, तिसरा कंबर धरून उभा. दहा-पंधरा मिनिटांत फिजिओचीच पाठ जायची. मशीन थकत नाही, अर्ध्या तासात हजाराच्या वर पावलं पडतात. एवढंच आहे त्यात. भरपूर पावलं, एकसारखी, कुणाची कंबर न मोडता. तुटलेली लाइन जोडणं हे त्याचं काम नाही. जी लाइन थोडी शिल्लक आहे तिला सराव मिळतो आणि लाइन शिल्लक नसेल तर मशीन पाय हलवतं आणि मशीन थांबलं की पाय थांबतात.

मग एवढी पावलं पडली म्हणजे माणूस जास्त चालायला लागतो का? हे लोकांनी तपासलंय. २००६ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता, दुखापतीला आठ आठवडे व्हायच्या आतले १४६ पेशंट, अर्ध्यांना हार्नेस लावून ट्रेडमिलवर आणि जमिनीवर, बाकीच्यांना फक्त जमिनीवर नेहमीसारखं, बारा आठवडे. सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गटांत फरक नाही. पण ग्रेडप्रमाणे बघितलं तर प्रचंड फरक. ज्यांना असे झटके येतात त्या प्रकारच्या दुखापतीत, सुरुवातीला बी असलेल्यांपैकी ३५ टक्के स्वतःच्या पायांनी चालायला लागले, सी असलेल्यांपैकी ९२ टक्के, आणि डी तर सगळे. तो अभ्यास रोबोटचा नव्हता, हाताने पाय चालवायचे तेव्हाचा होता, आणि ते पेशंट ताजे होते, मिस्टरांसारखे सात महिने झालेले नव्हते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे त्यांना लावू नका. मला त्यातून एवढंच दाखवायचंय की कुठल्या मशीनवर चालवलं यापेक्षा आत किती शिल्लक होतं त्यावर जास्त ठरलं. नंतर २०११ मध्ये अमेरिकेत, वर्ष उलटून गेलेल्या अपूर्ण दुखापतीच्या पेशंटचे चार गट केले, त्यात एक रोबोटचा होता. चालण्याचं अंतर सगळ्यात जास्त वाढलं ते जमिनीवर, पायाला करंटचं मशीन लावून, घाम गाळत चालणाऱ्यांचं. सुरुवातीच्या महिन्यांतल्या कमजोर पेशंटना रोबोटचा थोडा जास्त फायदा झाल्याचेही अभ्यास आहेत, ते मी लपवत नाही. पण जमीन विकण्याइतका फरक कुठल्याच अभ्यासात नाही.

यामागचं कारण मला रोज डोळ्याने दिसतं. मशीन सगळं करायला लागलं की माणूस आपसूक सोडून देतो, मुद्दाम नाही, शरीराचा स्वभावच आहे तो, बैलगाडीत बसलेला कशाला चालेल. म्हणून मशीनची मदत कमी करत न्यायची असते, वजनही हळूहळू पायावर टाकायचं असतं. चांगला फिजिओ पंधरा दिवसांत मदत उतरवायला घेतो. व्हिडिओ काढायला मात्र शंभर टक्के मदतीवरच छान दिसतं, पाय कसे तालात पडतात.

"वर्षाच्या आत केलं तरच" हे जे म्हणाले ना, त्यात अर्धं खरं आहे म्हणून ते जास्त लागतं. मज्जारज्जूची सुधारणा पहिल्या सहा-नऊ महिन्यांत जास्त होते, मग वेग कमी होतो, वर्ष-दीड वर्षापर्यंत थोडं थोडं चालू राहतं. म्हणजे वेळ महत्त्वाचा आहेच. पण मग मला सांगा, या सात महिन्यांत आठवड्याला दोन दिवस फिजिओ, ही खरी गळती नाही का? सासऱ्यांना द्राक्षाची भाषा कळेल. खरड छाटणी झाली की बाग नुसते खुंट दिसते, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मेली, पण पुढच्या काही आठवड्यांत नव्या फुटलेल्या काडीतच घड तयार होत असतो. त्या वेळी रोजचं पाणी आणि रोजचं लक्ष लागतं. आठवड्यातून दोनदा बागेत जाऊन चालतं का, आणि नंतर एकदम साडेसात लाखाचं औषध मारून घड येतो का, हे त्यांनाच विचारा. तुमचे फिजिओ ६०० घेतात, आठवड्याचे सहा दिवस बोलावलं तर महिन्याचे साडेपंधरा हजार, सहा महिने धरले तरी ९४ हजारांच्या आत. तेही जड आहे, मला माहीत आहे, पण बाग जाग्यावर राहते.

आणि फिजिओ आले की काय करायचं तेही बदलायला हवं. पलंगावर झोपवून पाय वर-खाली करणं पुरे झालं (घोटा मात्र रोज ताणायचाच, नाहीतर पाऊल खाली वळून आखडतं आणि मग रोबोट काय आणि कॅलिपर काय, काहीच बसत नाही). आता उभं राहायचं. अंबड तुमच्या जवळच आहे, तिथली निम्मी गल्ली फॅब्रिकेशनवाल्यांची आहे, त्यांच्याकडून पाइपचे पॅरलल बार करून घ्या, दहा-बारा फूट लांब, उंची अशी की बार धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहील, आणि खालून फरशीला बोल्टने पक्के. हलणारे बार नसलेले बरे. गुडघ्याला मागून आधार देणारे स्प्लिंट, सुरुवातीला पाच मिनिटं उभं, चक्कर आली की लगेच बसवायचं, कारण इतके महिने आडवं राहिल्यावर उभं केलं की बीपी पडतं. पोटाला बाइंडर म्हणजे रुंद पट्टा लावला तर बरं पडतं.

एक गोष्ट त्याआधी. दुखापतीनंतर पहिल्या दोन वर्षांत पायाची हाडं झपाट्याने पोकळ होतात, गुडघ्याच्या आजूबाजूची तर फारच. रोबोटमध्ये चालताना किंवा साधं खुर्चीतून पलंगावर सरकतानाही हाड मोडू शकतं आणि त्यांना दुखणार नाही, फक्त गुडघा गरम आणि सुजलेला दिसेल. म्हणून उभं करायच्या आधी डॉक्टरला विचारून डेक्सा स्कॅन (हाडं किती भरीव आहेत ते कळतं) आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या. पायात रक्ताची गाठ नाही, कुठे जखम नाही, हेही बघून. या तीन गोष्टी न विचारता जे सेंटर पट्टे आवळायला घेईल तिथून उठून या.

समजा तपासणीत सी निघाला. मग पुढच्या तीन-चार महिन्यांत बारमध्ये उभं राहून, स्प्लिंट लावून, पाय थोडा तरी स्वतः पुढे टाकायचा प्रयत्न दिसायला लागला, तर मी स्वतः म्हणेन की रोबोटचे दहा-बारा सेशन घेऊन बघा. पॅकेज नाही, सेशनचे पैसे देऊन. आणि जाताना विचारा की पहिल्या दिवशी मशीन किती मदत करणार आणि दहाव्या दिवशी किती, मशीनवरून उतरल्यावर जमिनीवर किती वेळ चालवणार, तिथे दिवसभर कोण असेल, फिजिओ की मशीनचा ऑपरेटर. सुरुवातीला आणि शेवटी दहा मीटरला लागणारा वेळ लिहून द्या म्हणा, आणि तो जमिनीवरचा हवा, मशीनच्या स्क्रीनवर "१.२ किलोमीटर चालले" असं येतं त्याला काही अर्थ नाही, ते मशीन चाललं. सेशनच्या आधी लघवी काढून घ्यायची, शिवण नसलेली लांब पँट घालायची आणि नंतर मांडी-नडगीवरचे पट्ट्यांचे वळ तुम्ही स्वतः उजेडात बघायचे, लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

आणि समजा ए किंवा बी च राहिला, अंगठ्याचं हलणं झटकाच निघालं. मग रोबोट हा व्यायाम म्हणून चांगला, मनाला बरं वाटतं, काही जणांचं पोट साफ व्हायला मदत होते, पाय थोडे सैल होतात, पण त्याने चालणं येणार नाही. अंगावर घालून चालायचे सांगाडेही असतात, इस्राएलच्या रिवॉकला अमेरिकेत २०१४ मध्ये घरी वापरायची परवानगी मिळाली, बनवणारे अमित गोफर स्वतः अपघातानंतर व्हीलचेअरवर होते. त्यात माणूस कुबड्या घेऊन उभा राहतो, चालतो, शेजारी एक जण लागतो, वेग कमी असतो आणि किंमत आपल्यासारख्यांनी विचारायच्या पलीकडची. आपल्या रस्त्यांवर आणि सिडकोतल्या जिन्यांवर हलकी, नीट मापाची व्हीलचेअर त्यापेक्षा कितीतरी लांब नेते.

दिंडोरीकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, पिकअप चालवायचा. घरच्यांनी कर्ज काढून दोन महिने रोबोट करून आणला होता, मोबाइलमध्ये पन्नास व्हिडिओ. त्याला पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकता येत नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं. लघवीची नळी कायमची लावलेली, आणि माकडहाडावर माझी मूठ जाईल एवढी जखम. पुढचे सात महिने आम्ही फक्त ती जखम भरली. तुमच्या पत्रात लघवी-संडासाबद्दल एक शब्द नाही, म्हणून मलाच विचारायचंय, नळी अजून आहे का? असेल तर युरॉलॉजिस्टला विचारून चार ते सहा तासांनी स्वतः साध्या कॅथेटरने लघवी काढायची पद्धत शिकून घ्या, सीआयसी म्हणतात, मिस्टरांचे हात चांगले आहेत, आठवड्यात शिकतील. किडन्या त्यावर टिकतात. खुर्चीत दर वीस मिनिटांनी हातावर अंग उचलायचं, रात्री दर दोन तासांनी कूस. आणि नवरा-बायकोच्या नात्याबद्दलही डॉक्टरशी बोला, विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, त्यावरही उपाय असतात आणि तुम्ही दोघं ३०-३५ चे आहात.

"मला चालायचंय, बाकी काही सांगू नका" असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, तुम्हीही घालू नका. फक्त त्यांना एकदा कुणाला तरी भेटवा जो वीस वर्षं चाकावर आहे आणि कामावर जातो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तरुणपणी कमरेखाली लुळ्या झाल्या, नोकरी केली, १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. हे त्यांना "बघा, चालला नाहीत तरी चालतं" असं ऐकवायला वापरू नका, फार टोचतं ते. नुसतं माहीत असू द्या घरात.

आता पैशांचं, आणि हे मला सगळ्यात जास्त घाईचं वाटतं. पगार १८ हजार म्हणजे ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, २१ हजारांच्या मर्यादेच्या आत. मिस्टरांच्या पगाराच्या स्लिपा काढा आणि ईएसआयचा रकाना बघा, ०.७५ टक्के म्हणजे महिन्याला १३५ रुपये कापलेले दिसतायत का. कापत असतील तर ते विमाधारक आहेत, कॉन्ट्रॅक्टरकडे असले तरी, आणि कामावर झालेला अपघात पहिल्या दिवसापासून धरला जातो. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के भत्ता, म्हणजे तुमच्या हिशेबात महिन्याचे सोळा हजारांच्या आसपास, आणि पुढे कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाई किती गेली ते ठरवतं आणि त्याप्रमाणे आयुष्यभर दरमहा मिळतं, औषधोपचार वेगळे. पत्रात याचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुतेक कुणी अर्जच केलेला नाही, सात महिन्यांचे लाखभर रुपये तसेच पडून आहेत. स्लिपवर कपात नसेल तर कामगार भरपाईचा दावा वेगळ्या वाटेने होतो, त्यासाठी वकील बघा, कॉन्ट्रॅक्टरने तोंडी काही कबूल केलं असेल तर त्यावर थांबू नका. सिव्हिलमधून यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं कार्डही काढून घ्या, ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मग बोर्डासमोर जायचं.

दिरांना या ईएसआयच्या कामाला लावा. ते नाराज आहेत ते बागेमुळे, भावामुळे नाही, आणि कागद घेऊन ऑफिसात बसायला घरात दुसरं कोण मोकळं आहे? सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला आणि ब्रँच ऑफिसला जाताना त्यांच्याकडे पगाराच्या सगळ्या स्लिपा, आधार, विमा नंबर, अपघाताच्या दिवशीचा केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड द्या, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, ओरिजिनल कुणाच्याच हातात सोडायचे नाहीत. आणि तो अंगठ्याचा व्हिडिओ आज रात्रीच काढा, तारीख बोलून.